अक्काचा पाय आणि शिकवणीची गाडी

ता. ११ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचता वाचता तुम्ही खुर्चीतून उठाल आणि चष्मा शोधत बसाल. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता, म्हणून सगळं लिहूनच कळवते आहे.

गेल्या मंगळवारी आईला तुमच्या गाडीतून व्यायाम केंद्रात नेत होते. आमच्या घराखालचा उतार तुम्ही पाहिला आहे. त्याच्या तळाशी पाण्याचा पाइप फुटून रस्ता ओला झाला होता आणि पुढची शाळेची बस एकाएकी थांबली. मी ब्रेक मारला. चाकं जाम झाली आणि गाडी तशीच घसरत, जराशी तिरकी होत पुढे गेली. बसच्या मागच्या काचेतून दोन मुली आमच्याकडे बघत होत्या. त्यांचे चेहरे मोठे मोठे होत गेले. हातभर अंतरावर गाडी थांबली. कुणाला ओरखडासुद्धा नाही, हे नशीबच म्हणायचं.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून आईने गाडीत बसायचं बंद केलं. तुमच्याच नाही, कुठल्याच. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा पाय लाकडासारखा झाला आहे हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी बजावलंय की हे सुरुवातीचे महिनेच कामाचे. आता पाय चालता केला तर होईल, नाहीतर तसाच राहील. केंद्रातले दांडे आणि यंत्रं काही घरी आणता येत नाहीत. केंद्रातल्या व्यायामवाल्या बाई दोनदा येऊन समजावून गेल्या. आई त्यांना चहा देते, हसते आणि नाही म्हणते.

गाडी चालवायची शिकवणी बंद केल्यावर तुम्ही गाडी विकून टाकली असती तर तुम्हाला कोण काय म्हणणार होतं? ती आम्हाला दिलीत, म्हणून आई इतके दिवस केंद्रात जाऊ तरी शकली. ते मी विसरलेले नाही. आता एवढंच सांगा, ब्रेक कसे सुधारू? गॅरेजवाला म्हणतो मोठ्या डिस्क बसवू. ब्रेक पक्के झाले की आईचीही भीती जाईल, असं मला वाटतं.

उत्तर लवकर लिहावं. या वेडीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
भिंगरी

*

ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र वाचलं. उठलो, चष्मा शोधला, तो नाकावरच होता. तू आणि अक्का धड आहात याबद्दल ज्याचे आभार मानायचे त्याचे मानून झाले आणि मग लिहायला बसलो.

आता मास्तर बोलतोय, तेव्हा नीट ऐक. चाकं जाम झाली म्हणजे ब्रेकने आपलं काम केलं. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. माझ्या त्या टायरांच्या नक्ष्या अजून कोऱ्या दिसतात, कारण शेवटची काही वर्षं विद्यार्थीच नव्हते. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते वाच आणि मग रबरात नख रोवून बघ. नख रुतलं नाही तर ते टायर नाहीत, चपलेचे जुने तळवे आहेत. आधी टायर बदल. मग चांगले ब्रेक पॅड, नव्या डिस्क, पण आहेत त्याच मापाच्या, आणि ब्रेकचं तेल. ते तेल हवेतलं पाणी पितं, आणि उतारावर तापलं की पेडल भिजल्या पावासारखं मऊ होतं. मोठ्या डिस्क तुझ्या चाकांच्या आत मावायच्या नाहीत, हे त्या गॅरेजवाल्याला माझ्या नावाने सांग.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुझा पाय मी ओळखतो. सगळ्या विद्यार्थ्यांचे पाय मी ओळखतो. चेहरे विसरलो तरी पाय नाही विसरलो. तू ब्रेक विनवणी केल्यासारखा दाबतेस, दटावून नाही. त्यावरून तुला कितीदा बोललो आहे. नुसत्या तुझ्या पायाने ती चाकं अशी एका दमात जाम व्हायची नाहीत. शेजारच्या सीटसमोर माझा ब्रेक होता, आठवतं का? गाडी तुम्हाला देताना तो आणि तो शेजारचा क्लच, दोन्ही सोडवायला मी आमच्या गॅरेजला सांगितलं होतं. सोडवलेत ना, हे मात्र मी वाकून पाहिलं नाही. तू वाकून बघ. आणि अक्काला काही विचारायचं असेल तर हळू विचार.

बाकी क्षेम. मामाची आठवण ठेवावी, आणि घाई करू नये.

तुझा,
मामा

*

ता. २९ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू तेच कळत नाही. आधी हट्टीपणा सांगते. टायर दिसायला इतके छान होते की तुमचं न ऐकता मी आधी ब्रेकच करून घेतले. पॅड, डिस्क, तेल, सगळं. मग सुट्टीच्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या पटांगणावर गेले, खडूने रेघ मारली आणि रेघेवर ब्रेक दाबला. गाडी पहिल्यापेक्षा सुरेख थांबेल या ऐटीत होते. चाकं आणखी लवकर जाम झाली आणि गाडी रेघेपासून पार भाजीच्या ओट्यापर्यंत घसरत गेली. खाली उतरून रबरात नख रोवलं, तर नखच वाकलं. दुसऱ्या दिवशी टायर घातले.

टायर घालताना गॅरेजवाला शेजारच्या सीटखाली वाकला. क्लचची तार सोडवलेली होती, ब्रेकची नव्हती. तुमचा ब्रेक जिवंत होता, मामा. तो आता बंद आहे असं धरून आम्ही त्याला पाय टेकायची पट्टी करून टाकलं होतं, आणि आईचा उजवा पाय मी स्वतः रोज उचलून त्याच्यावर नीट ठेवत होते.

घरी येऊन आईजवळ बसले. ती माझ्या कुडत्याचं बटण लावत होती; डाव्या हाताने सुई ओढते हल्ली. मी हळूच विचारलं. तिने सुई टोचून ठेवली आणि मग जी रडली, तशी झटका आला तेव्हाही रडली नव्हती. म्हणाली, बस दिसली आणि पाय आपोआप गेला, मला थांबवता आला नाही, गाडी घसरली ती माझ्यामुळे. ज्या पायावर आपली सत्ता नाही तो पाय घेऊन तुझ्या शेजारी बसणार नाही, एखाद्या दिवशी तुझाच जीव घेईन, असं म्हणाली. इतके दिवस ती एकटी हे पोटात घेऊन बसली होती, आणि मी मात्र डिस्क मोजत होते. भीती स्वतःच्या जिवाची नव्हतीच मुळी.

मी तिला मिठी मारली, पण माझ्या समजावण्याने हे जायचं नाही. तुम्हीच तिला लिहा. तुमचं ती ऐकते, ऐकत नाही असं दाखवते तरी. तुम्ही शंका काढली नसती तर ती अशीच बसून राहिली असती. तुमचे किती आभार मानू?

आमच्यावर असाच हात राहू द्यावा.

तुमची,
भिंगरी

*

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

भिंगरीने सगळं कळवलं. पहिली चूक माझी. मी मास्तर म्हणून जन्मभर इतरांना वाकून बघायला लावलं आणि स्वतः वाकलो नाही. त्याची शिक्षा तू सांगशील ती.

आता माझं ऐक, मग खुशाल रागव. तू म्हणतेस पाय आपोआप गेला. आपोआप गेलेला पाय कसा असतो ते मी रोज पाहिलं आहे. नवशिका घाबरला की त्याचा पाय कुठेही जातो, क्लचवर, हवेत, दाराला. तुझा गेला तो ब्रेकवर. तू कधी गाडी चालवली नाहीस, तरी समोर बस बघून तुझ्या पायाने काय करायला हवं ते ओळखलं आणि तेच केलं. उभा जन्म शिलाई मशीन चालवलेला पाय आहे तो. लेकीला वाचवायला गेला होता, अक्का. टायर दगड झाले नसते तर तुम्ही दोघी बसच्या बऱ्याच अलीकडे थांबला असता. दोष टायरचा आणि माझा. पायाला बोल लावू नकोस.

आणि हे तुझ्या ध्यानात आलं का, की ज्या पायाची बोटं हलवायला बाई तुझी मनधरणी करत होत्या, त्याने गाडीची चाकं जाम केली?

माझा एक जुना धडा करून बघ. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. भिंगरीने मागे उभं राहून भिंतीकडे बघायचं. तू माझ्या सीटवर बसून ब्रेक दाबायचा. गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा लागला तर भिंत लाल होईल. घाबरट विद्यार्थ्यांना मी पहिला आठवडा एवढंच करायला लावत असे. दाबणं सगळ्यांना जमतं. हळू सोडणं शिकावं लागतं.

लहान भावाने मोठ्या बहिणीला उपदेश केला, पोटात घालावं. पूर्वीसारखंच रागावत राहावं.

तुझा,
मास्तर

*

ता. १६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने मला वाचून दाखवू दिलं नाही. आत नेऊन स्वतः वाचलं, दिवसभर पदराशी ठेवलं आणि संध्याकाळी म्हणाली की त्या शहाण्याचा धडा एकदा करून टाकू, नाहीतर पुन्हा लिहीत बसेल.

अंगणात गाडी लावली. मी मागे उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. आत आई पायाशी बोलत होती, चांगल्या शब्दांत नाही. मग भिंत लाल झाली. अगदी क्षणभर, पण झाली. मी ओरडले तेव्हा शेजारच्या काकू कढई हातात घेऊनच बाहेर आल्या. आता रोज हाच उद्योग चालतो आणि काकू भिंतीसमोर स्टूल टाकून बसतात. सुरुवातीला दिवा लागला की लागलेलाच राहायचा, पाय उचलता यायचा नाही. हल्ली विझतो. बाईंना सांगितलं तर त्या स्वतः बघायला आल्या आणि म्हणाल्या, विझवता येतो आहे ही खरी कमाई आहे.

रविवारी पटांगणावर गेलो, मी गाडी घेऊन आणि आई काकूंबरोबर चाकांच्या खुर्चीतून. नवे पॅड तुम्ही शिकवल्याप्रमाणे मुरवून घेतले होते; मोकळ्या रस्त्यावर वेग धरायचा, जवळजवळ थांबेपर्यंत कमी करायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा. खडूची तीच रेघ. आई ओट्यावर बसून बघत होती. गाडी सरळ थांबली, ओट्याच्या कितीतरी अलीकडे, एकाही चाकाचा आवाज न होता. तुम्ही इथे असायला हवे होतात असं फार वाटलं. घरी निघताना आई माझ्या हाताला धरून उठली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. चालत्या गाडीत बसली, मामा.

तुमचा ब्रेक आता सोडवला आहे, आणि या वेळी मी स्वतः वाकून पाहिलं. भिंतीच्या सरावाऐवजी बाईंनी केंद्रात दुसरं पेडल दिलं आहे. काकू जरा हिरमुसल्या आहेत.

माझं सगळं कौतुक तुमच्या पायाशी. जीव लावता तसाच लावावा.

तुमची,
भिंगरी

*

ता. २७ मार्च

चि. मास्तरास,
अ. आ.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. उजव्या हाताने लिहिते आहे. तुझ्या पत्राला उत्तर राहिलं होतं, कारण डाव्या हाताने तुला शिव्या देणं मला बरं दिसेना.

माझा पाय भिंगरीला वाचवायला गेला होता, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते तुला सांगणार नाही, तू चढून जाशील. पण मास्तर, त्या आधी मी तो पाय कापून टाकावा म्हणत होते, मनातल्या मनात, रोज. तुझ्यामुळे तो पुन्हा माझा झाला. याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. तू धाकटा आहेस, तेव्हा मानले असं समज.

केंद्रात नियमाने जाते आहे. पुढच्या सीटवर बसते. काल उताराच्या तळाशी एक हातगाडी मध्येच आली, भिंगरीने ब्रेक दाबला आणि आम्ही थांबलो. इतकं साधं, की मी जे सांगत होते ते तसंच पुढे सांगत राहिले. तीच बिचारी पांढरी पडून माझ्या पायाकडे बघत राहिली.

केंद्राच्या दारात ती मला उतरवते आणि गाडी लावायला जाते. मी तिथल्या बाकावर तिची वाट बघते, मग ती येऊन हात देते, असा आमचा रिवाज. काल बाकावर कुणी बसलेलं होतं. म्हटलं, उभं तरी किती राहायचं. काठी टेकली आणि निघाले. व्हरांडा संपला, वळण आलं, तेही घेतलं.

झटका आल्यापासून जो तो मला एकच शब्द ऐकवतोय, चल. डॉक्टर म्हणतात चल, बाई म्हणतात चल, भिंगरी तर सकाळ-संध्याकाळ. काल पहिल्यांदा मागून धावत येताना तिने हाक मारली, आणि ती म्हणाली, आई, थांब.

थांबले रे. पण आणखी दोन पावलं टाकूनच.

ये लवकर. अक्काचा ओढा आहे तसाच आहे, तुझाही कमी होऊ देऊ नये.

तुझी,
अक्का