चिमटीच्या आईचा वास

उंब्रज, १२ जानेवारी २०२५

चि. अक्षता हिस उंब्रजहून आबाचा सप्रेम जयभीम व अ. आ.

तुझं पत्र आणि तुझ्या खोलीवरच्या अंकितानं काढलेला नकाशा, दोन्ही पोचलं. फोनपेक्षा हे बरं. परवा फोनवर तू बिबट्या म्हणालीस, मी बिब्बा ऐकला, आणि तुझ्या आजीनं बिब्बा शोधायला सगळं फडताळ रिकामं केलं. नातीला काय दुखतंय म्हणून जीव वर-खाली. माझे कान गेले, डोळे अजून शाबूत आहेत. तेव्हा जे सांगायचं ते लिहूनच सांगत जा.

नकाशा मी भिंतीला लावलाय. आजी म्हणते, की लोक नातीच्या लग्नाचा फोटो लावतात, आमच्यात मांजरांचा तालुका लागला. पण मी बाहेर गेलो की स्वतःच चष्मा लावून बघत असते. तुझं हे कल्पनेतलं नीळपठार मला लय आवडलं. ऊस संपतो तिथं खडक सुरू, आणि खडकात वाघाटीची वस्ती. वाघाटी घरच्या मांजरापेक्षाही लहान असते हे तू सुरुवातीलाच लिहिलंस ते बरं केलंस. आपल्याकडं ऊसतोडीत तिची पिल्लं सापडली की बिबट्याची समजून माणसं कोयता टाकून पळतात. ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात बाऊल, म्हणजे रानमांजरं, शेतकऱ्यांसारखी बांध घालून राहतात. बिबट्यांना गाव नाही, ते फिरते. सगळं झकास.

एकच खुपलं. बिबट्या सगळ्यात वर, त्याच्याखाली बाऊल, तळाला वाघाटी, आणि पाणवठ्यावर पाणी प्यायचं तेही त्याच क्रमानं. अगं, ही उतरंड मोडण्यात आपल्या माणसांच्या पिढ्या गेल्या, आणि तू ती मांजरांत नव्यानं रचतेस व्हय? विचार कर.

दुसरं असं, की जयंतीच्या आठवड्यात विहारात मुलांसाठी गोष्टवाचन ठेवतोय. मी तुझ्या नीळपठाराचं नाव सुचवलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले समोरचे तात्याबा. त्यांनी नुसती मान हलवली, पण आडवी हलवली नाही. गोष्ट मार्चअखेर हातात हवी.

लिहिता हात थांबवू नको आणि जेवणाची वेळ चुकवू नको, एवढंच मागणं.

तुझा आबा

तासगाव, २६ जानेवारी २०२५

ती. आबांस तासगावहून अक्षताचा स. ज. वि. वि.

उतरंडीचं वाचून मला माझीच लाज वाटली. लिहिताना लक्षातच आलं नाही, हाताला सवय असल्यासारखी ती आपोआप आली. आता पाणवठ्यावर रांग नाही. ज्याला जास्त तहान, तो आधी. आणि गंमत बघा, हा नियम बिबट्यांनी मोडला, पाण्याला वेढा घालून बसले, इथूनच गोष्ट सुरू झाली. तुमच्या टोमण्यातून गोष्ट निघाली, असं आजीला सांगा.

गोष्ट चिमटीची आहे. वाघाटीतली सगळ्यात लहान, आई मेलेली. बिबट्यांपुढं ती उभी कशी राहणार? तर खिंडीत एक काळी शिळा आहे. चिमटी त्या शिळेवर जाते, डोळे मिटते, आणि तिच्या आईचा आत्मा तिच्या अंगात येतो. मग तिच्या अंगात दहा बिबट्यांचं बळ येतं. नीळपठारावरची जादू ती हीच. मेलेली मांजरं जिवंतांच्या मदतीला येतात.

कॉलेजात असल्यापासून मी हे जग जमवतेय. अंकितानं फक्त नकाशा पाहिलाय, गोष्ट कुणीच नाही. विहारातली मुलं पहिली ऐकणार, म्हणून जेवण गोड लागतंय. पण मला यायला जमणार नाही. बेदाण्याचा हंगाम सुरू झालाय, शेडवर प्रतवारीचं काम माझ्याकडं आहे आणि एप्रिल संपेपर्यंत सुट्टी मागायची सोय नाही. तुम्हीच वाचा. फक्त स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडू नका, मुलं घाबरतील.

आजीला सांगा, की खोकला गेला. तुमची माया अशीच ओसंडत राहू द्या.

तुमची अक्षता

उंब्रज, ६ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता हिस आबाचा स. ज. व अ. आ.

हे पत्र लिहायला दोन दिवस टाळाटाळ केली. गोष्टीचा ओघ चांगला आहे, चिमटी तर डोळ्यांपुढं उभी राहिली. पण अंगात येणं मला वाचता येणार नाही.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी पाच-सहा वर्षांचा असेन. माझी आई तापानं फणफणत होती. देवऋषी बोलावला, त्याच्या अंगात आलं, आणि त्यानं सांगितलं, की हे बाहेरचं आहे, दवाखान्यात नेलं तर दगावेल. कऱ्हाडला दवाखाना होता. शेजारची बैलगाडी जुंपून दारात उभी होती. ती तशीच सोडली. आई गेली. पुढं धम्मदीक्षा घेतली तेव्हा माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक नेऊन तारळी नदीत सोडले. मला खांद्यावर घेऊन गेले होते. येताना म्हणाले, की आता आपल्या दारात कुणाच्या अंगात येणार नाही. तो शब्द मी आजवर पाळलाय. आईचं म्हणशील तर माझ्याकडं काही नाही. चेहरासुद्धा नीट आठवत नाही.

तात्याबांना मी बेतानंच सांगितलं, की गोष्टीत जरा आत्मे आहेत. त्यांनी काठी आपटली. म्हणाले, की दर रविवारी मुलांना आत्मा नसतो म्हणून शिकवायचं आणि सोमवारी तोच मांजरात घालायचा, हे कसं काय जमायचं आबा? अंगात येणार असेल तर वाचन रद्द, असा त्यांचा निरोप आहे. खरं सांगायचं तर माझाही तोच आहे.

तुझं मन मोडायची मला हौस नाही, बाळ. पण काहीतरी दुसरं शोध. आजी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटतेय, एसटीतून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देईन.

राग आला तर तोही लिहून पाठव.

तुझा आबा

तासगाव, १५ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस अक्षताचा स. ज. वि. वि.

तुमच्या आईचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत पत्र वाचलं आणि डबा तसाच परत आणला. अंगात येणं काढलं, मुळासकट. दहा बिबट्यांचं बळही काढलं.

पण आबा, सगळंच काढता येणार नाही. आई मेली आणि तिचं कुठं काहीच उरलं नाही, असं असेल तर मला ती गोष्ट लिहायचीच नाही. मग राहतं काय? पाण्यावरून भांडणारी मांजरं. ती आमच्या शेडच्या मागंही आहेत. म्हणून एवढंच ठेवलंय:

‘खिंडीतल्या काळ्या शिळेत चिमटीच्या आईचा वास आहे. चिमटी तिथं जाऊन बसते.’

कुणी बोलत नाही, कुणी अंगात येत नाही. हे एक वाक्य राहू द्या. तेही चालणार नसेल तर तात्याबांना सांगा, की दुसऱ्या कुणाची गोष्ट घ्या. मी रागावले नाही. म्हणजे थोडी रागावलेय.

चटणी मिळाली. अंकितानं अर्धी संपवली. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची अक्षता

उंब्रज, २४ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता हिस आबाचा स. ज. व भरपूर अ. आ.

शाब्बास. तुझ्या बुद्धीची कमाल आहे. मी म्हटलं काहीतरी शोध, आणि तू नेमकं शोधलंस. आत्म्याच्या जागी वास.

अगदी बरोबर बघितलंयस तू. आपली मांजरी दाराच्या चौकटीला गाल घासते, पोत्याला घासते, माझ्या पायाला घासते. मला वाटायचं लाडात येते. लाड कसले, ती आपला वास लावून ठेवते. रानातल्या मांजरांचंही तसंच. म्हणजे चिमटीची आई रोज येता-जाता त्या शिळेला अंग घासायची. ती गेली, पण वास राहिला, आणि लेकरू येऊन हुंगत बसतं. यात कुठं आला देवऋषी? तात्याबांना जाऊन वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी, आणि म्हणाले, की हे विज्ञानात बसतंय.

मला आता झोपताना हेच सुचत असतं. शिळा उघड्यावर नको, कपारीत घे, नाहीतर पावसानं वास धुऊन जाईल. मांजराला वासावरून सगळं वाचता येत असणार. आई काय खाऊन आली, कशाला भ्याली, कुठल्या वाटेनं आली. तेव्हा चिमटीनं आईकडं बळबीळ मागू नये. पत्ता मागावा.

आजी म्हणते, की यात नवल ते काय, तुम्ही कुणाच्यात चहा पिऊन आलात ते मला सदऱ्यावरून कळतं. तिला मी नीळपठारावर वाघाटींची पाटलीण करायला सांगणार होतो, पण उतरंडीचं आठवलं आणि गप्प बसलो.

गोष्ट पुढं ने. मी इथं वाट बघत बसलोय.

तुझा खूश झालेला आबा

तासगाव, ८ मार्च २०२५

ती. आबांस अक्षताचा स. ज. वि. वि.

आता तुम्ही रागवायचं नाही. मी वास लिहिलं ते नाकाचं नव्हतं. वास म्हणजे राहणं. डोंगरावर साधूचा वास होता असं जुन्या पुस्तकांत असतं ना, तसं. म्हणजे आत्मा मी काढलाच नव्हता. नुसता अंगातून काढून शिळेत लपवला होता, तुम्हा दोघांच्या नजरेआड. तुमचं पत्र अंकिताला वाचून दाखवलं तर ती हसून हसून बेदाण्याच्या ढिगावरच बसली, आणि मुकादमांनी आम्हा दोघींना झापलं.

तुमचा गैरसमज झालाय, असं लिहायला बसलेही. पण इथं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यानं आमची नाकं बधिर असतात. रविवारी शेड बंद होती. आजीनं दिलेली गोधडी पेटीतून बाहेर काढली आणि अख्खं उंब्रज खोलीत आलं. चुलीचा धूर, तुमची तपकीर, आजीचं खोबरेल. तुम्ही दोघं कॉटवर येऊन बसल्यासारखं वाटलं. मग मी वेगळं काय म्हणत होते? राहण्याला आणि हुंगण्याला आपल्यात एकच शब्द का आहे, ते मला गोधडी तोंडावर घेऊन कळलं.

म्हणून तुमचा वास ठेवला. शेवट असा केलाय. चिमटी कपारीत बसून आईला हुंगत राहते. त्या वासात तिला ओल्या शेवाळाचा वास लागतो. उन्हाळ्यात, सगळं करपलेलं असताना. म्हणजे आई ओल्या जागेवरून यायची. चिमटी त्या वासामागं सरपटत जाते आणि खडकाच्या पोटात झरा सापडतो. बिबट्यांचा वेढा आपोआप फुकट जातो. मग झऱ्यावर पहिलं पाणी कुणाला द्यायचं, तर पाणवठा आटला तरी वेढ्याला बसून बसून ज्याची जीभ सुकलीय त्या म्हाताऱ्या बिबट्याला. तहान त्याची जास्त होती.

पक्की प्रत सोबत पाठवतेय. तात्याबांना चोरी सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा. आता सगळं तुमच्या जिभेवर.

तुमची अक्षता

उंब्रज, १७ एप्रिल २०२५

चि. अक्षता हिस आबाचा स. ज. व मनापासून अ. आ.

झालं वाचन. विहार भरला होता. मुलं पुढं, बायका मागं, आणि मुलांच्याही पुढं खुर्ची टाकून तात्याबा, काठीवर हनुवटी ठेवून. तुझी चोरी मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितली होती. ते म्हणाले, की आधी ऐकतो, मग बघतो.

चिमटी कपारीत शिरली तेव्हा मुलं इतकी गप्प झाली, की मला वाटलं कानाचं उरलंसुरलंही गेलं. वाचून झालं आणि तात्याबा उठले. आजीनं मला डोळ्यांनी खुणावलं, की आता ऐका. तर त्यांनी मुलांनाच विचारलं, की सांगा बघू, तुमच्या आईला वास कशाचा येतो. एक म्हणालं कांद्याचा, एक म्हणालं शाम्पूचा, एकीनं सांगितलं, की बँकेचा, तिची आई बँकेत आहे. मग मागून बायकांनी सुरू केलं, म्हाताऱ्या म्हाताऱ्या बायकांनी. कुणाची आई मिश्रीची, कुणाची ताकाची, कुणाची शेणाच्या हाताची. तुझी आजी म्हणाली, की तिची आई उन्हाची. कुणी हसलं नाही.

माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं, म्हणून मी कागद आवरत होतो. तर तात्याबा माझ्याकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, की आबा, तुझ्या आईला शिजलेल्या हळदीचा वास यायचा. ते लहान असताना त्यांची आई आणि माझी आई एकाच शेतावर हळद शिजवायला जायच्या. संध्याकाळी परत येताना तात्याबा दमायचे, तर माझी आई त्यांना कडेवर घ्यायची. मी तेव्हा झालोही नव्हतो. लुगडं कितीही धुतलं तरी वास जायचा नाही म्हणाले. आणि मुलांकडं बघून काठी उचलून बजावलं, की देवाच्या भंडाऱ्याचा न्हाई, मजुरीच्या हळदीचा.

तुझी प्रत त्यांनी विहाराच्या कपाटात ठेवायला मागून घेतलीय. चोरीबद्दल चकार शब्द नाही. मुलांनी पुढची गोष्ट मागितलीय, आणि बाऊलच्या बाजूनं हवी म्हणतात.

काल सकाळी मी चालत गुंडाच्या मळ्यावर गेलो. यंदाची शेवटची हळद शिजत होती. गुंडानं विचारलं, की आवं आबा, इकडं कुठं वाट चुकला. मी म्हणालो, काही नाही, जरा वाफ घ्यायला आलोय. त्याला वाटलं सर्दी झालीय मला. त्यानं काहिलीजवळ, वाफ येईल त्या बाजूला खुर्ची टाकून दिली, आणि मी दुपारपर्यंत तिथं बसलो.

हंगाम संपला की ये. तोवर आमची आठवण काढत राहा, आम्ही तुझी काढतोच.

तुझा आबा