दाजींचा जनरेटर चालू आहे

आदरणीय दाजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार (उजवा हात खांद्यातून वर जात नाही, तेव्हा डाव्या हाताने केलेला गोड मानून घ्या). तुमची कंबर काय म्हणते? ताईचा खोकला थांबला का? परवा वादळाने तारा तोडल्यापासून आमच्याकडे वीज नाही आणि फोनही मान टाकून पडलाय. शेजारचे शिंपी गाडी घेऊन तुमच्या बाजूला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र.

तुमचा जनरेटर अंगणात, खिडकीपासून लांब, पत्र्याखाली ठेवलाय आणि त्याच्यावर फक्त आईचं ऑक्सिजनचं मशीन चालतं. दुसऱ्या कशाचीही वायर मी तिथे फिरकू देत नाही. (हिने फोन चार्जिंगला लावू का म्हणून विचारलं, तेव्हा मी असं काही बघितलं की बिचारीने चार्जर पाठीमागे लपवला.) आज सकाळी पेट्रोल घालायला तो बंद केला. तुम्ही बजावल्याप्रमाणे थंड होऊ दिला, ऑइलची काडी पुसून पाहिली, सगळं शिस्तीत. मग दोरी ओढली, तर गडी ढिम्म! चोक पुढे केला, मागे केला, प्लग काढून पुसला, पाया पडलो, शिव्या घातल्या. आत आई छोट्या सिलिंडरवर आणि त्याचा काटा खाली खाली चाललेला. शेवटी हिने येऊन पेट्रोलचा कॉक उघडला (तो मीच बंद केला होता, पण ते राहू द्या) आणि महाराज सुरू झाले.

तेव्हापासून मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलोय. जेवायलाही आत गेलो नाही. आता त्याची नस न् नस मला कळते. दुपारपासून त्याचा आवाज एकदम हलका झालाय, अंगात जोरच नसल्यासारखा. काहीतरी बिघडतंय नक्की. ही सारखी खिडकीतून हातवारे करते, पण या घरघरीत ऐकू काय येणार? मी अंगठा दाखवून धीर देतो, ती कपाळाला हात लावते. माझे हाल तिला बघवत नसणार.

ता. क. टाकी तळाला आलीय. पेट्रोल घालायचं तर बंद करावा लागणार, आणि पुन्हा चालू झाला नाही तर? दाजी, मला खरंच भीती वाटते. शिंपी संध्याकाळच्या आत परत येणार आहेत, त्यांच्याच गाडीत बसून या. दोरी तुम्हीच ओढा.

आणखी एक ता. क. आईने चार ओळी लिहाव्यात म्हणून कागद खिडकीतून आत सरकवून लगेच स्टुलावर परततोय. तिचं अक्षर खाली आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. तुम्ही येऊ नका, कंबर सांभाळा. पुढचं बाळ्यासाठी आहे. पाकिटात घालण्याआधी तो पत्र पुन्हा वाचतोच, म्हणून इथे लिहिते. बाळ्या, वीज दुपारीच आली. माझं मशीन आता भिंतीतल्या बोर्डावर लावलंय. सुनेचे हात हलवून हलवून दुखायला लागले. माझा श्वास अगदी छान चाललाय. आता ते धूड बंद कर आणि आत येऊन तूही एक श्वास घे.