तेवीस वेळा समुद्र

रविवार, ३ जानेवारी १९३७
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञ लोक ठेवतात.
लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक काल संपवलं. डोकं गरगरतंय. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट कायम सारखी नसते. लाखभर वर्षांत ती जरा लांबट होते, परत गोल होते. पृथ्वीचा कल कमीजास्त होतो, त्याला चाळीस हजार वर्षं. शिवाय आस भोवऱ्यासारखी डुलते, त्याला एकवीस हजार. त्यापायी उत्तरेकडे ऊन कमी पडलं की बर्फ साठतं आणि समुद्र उतरतो. बर्फ वितळलं की चढतो.
चौदा वर्षं मी चौथीला एकच नकाशा शिकवतोय आणि हे मला कुणी सांगितलं नाही!
यशोदेला समजावलं. म्हणाली, "समुद्र ऱ्हाऊ दे. आडाच्या दोन घागरी तेवढ्या शेंदा."
शेंदल्या.

शनिवार, ९ जानेवारी
शोध लागला!
अनगोळच्या माळावर ओढ्याकाठची दरड कोसळली आहे. आत पांढरा थर, काळा थर, परत पांढरा, परत काळा. आणि पांढऱ्यात शिंपले. समुद्राचे. बेळगावात!
मोजल्या, तेवीस जोड्या. तेवीस गुणिले एकवीस हजार, म्हणजे चार लाख त्र्याऐंशी हजार वर्षं. समुद्र इथे तेवीस वेळा येऊन गेला.
शेजारच्या खोपटातली बायाक्का म्हातारी बाहेर आली. काय बघतायसा, म्हणून काहीतरी सांगू लागली. मी आधी तिला पृथ्वीचा कल समजावला. ऐकून आत गेली. अडाणी लोकांत राहून संशोधन करणं सोपं नाही.

मंगळवार, १२ जानेवारी
स्टाफरूममध्ये सांगितलं. गणिताचे यमनाप्पा मास्तर म्हणाले, बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट उंच. तुमच्या पुस्तकातला समुद्र चढून चढून किती चढतो? म्हटलं, तीनशे फूट. म्हणाले, मग राहिलेले बावीसशे?
हा माणूस प्रत्येक गोष्टीत आकडे आणतो. बावीसशे फुटांचं पुढे बघता येईल.

रविवार, १७ जानेवारी
पुस्तकात एक भोक सापडलं. फार पूर्वी म्हणे पृथ्वी इतकी उबदार होती की कुठे बर्फच नव्हतं. मग तेव्हा समुद्र कशाने खालीवर व्हायचा? पुस्तक गप्प. मी गप्प नाही. आडाच्या कट्ट्यावर बसून विचार केला. ऊन बदललं की पाऊस बदलणार. पाऊस लई झाला की पाणी जमिनीत, तळ्यांत अडकून राहणार. समुद्र तेवढा उतरणार. थंडीच्या युगात पाणी बर्फात अडकतं, गरम युगात जमिनीत.
पण याने फरक थोडाच पडणार. शोधावर जाहीर व्याख्यान द्यायचं ठरवलंय, त्यातून हा मुद्दा गाळला. शिंपल्यांपुढे त्याला कोण विचारतो?
दुपारी दरडीवर गेलो. बायाक्का परत आली. "मास्तर, त्यो चुना..." म्हटलं, बरोबर, शिंपल्यांचा चुनाच होतो, पण लाखो वर्षांनी. म्हणाली, "लाखो कुठलं वो?" लाख म्हणजे किती, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

शुक्रवार, २९ जानेवारी
हेडमास्तरांना अर्ज दिला. संशोधनामुळे चौथीचा भूगोल यापुढे घेऊ शकत नाही, काढून घ्यावा. व्याख्यान झालं की पुण्याच्या कॉलेजातून बोलावणं येईलच. यशोदा म्हणाली, "बोलावणं आल्यावर अर्ज दिला असता तर चाललं नसतं काय?"
बायकांना धीर नसतो.

रविवार, ७ फेब्रुवारी
हॉल मिळत नाही. सगळीकडे निवडणुकीच्या सभा. चार ठिकाणी हात जोडले. शेवटी ठरवलं, व्याख्यान दरडीपाशीच. बरंच झालं, पुरावा उचलून न्यायला नको. शाळांचे इन्स्पेक्टरसाहेब येतो म्हणालेत. साप्ताहिकाचा माणूसही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
घसा बसलाय. यशोदा ज्येष्ठमध देते आणि बोलू नका म्हणते. मग पाठांतर कसं करायचं?
थर स्वच्छ दिसावेत म्हणून खुरप्याने दरड साफ केली. वरून चौथ्या काळ्या थरात मातीची चिलीम सापडली! म्हणजे ऐंशी हजार वर्षांपूर्वी माणूस चिलीम ओढत होता. हा दुसरा शोध. एका वेळी एकच जाहीर करावा. खिशात ठेवली.

रविवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. लिहितो.
पन्नासेक माणसं. इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर. कल झाला, आस झाली, बर्फ झालं. मग मी काठी सगळ्यात खालच्या थरावर ठेवली आणि म्हटलं, हा पहिला समुद्र, चार लाख त्र्याऐंशी हजार वर्षांपूर्वीचा.
मागून बायाक्का म्हणाली, "न्हाय वो मास्तर. ती माझ्या लग्नाच्या सालची भट्टी."
साहेबांनी तिला पुढे बोलावलं. तिचा नवरा ज्योतिबा चुना भाजायचा. कोकणातून गाड्या भरून शिंपले यायचे. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना खायला त्याचाच चुना लागायचा. दर साली पावसाआधी भट्टीतली राख आणि कच्चे राहिलेले शिंपले ओढ्याकाठी टाकायचे. अशी तेवीस सालं. मग अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तो तापाने गेला, भट्टी थंड झाली.
माझी काठी तिने कधी घेतली, कळलं नाही. "ह्यो थर माझी लेक सोनी झाली त्या सालचा. ह्यो पातळ, त्या साली गाडी घाटात पडलेली." लोक पुढे सरकले. मी बाजूला झालो.
नंतर विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाली, "सांगाया लागले की तुमीच शिकवाया लागत हुतासा. आन् धन्याचं काम कुणीतरी एवढं मन लावून बघतंय, तर मलाबी बरं वाटलं."
खिशातली चिलीम काढून तिच्या हातावर ठेवली. "गवसली व्हय," म्हणाली आणि पदराने पुसत बसली. मला व्याख्यानाचा शेवट पाठ होता. तो तसाच राहिला.

मंगळवार, २३ फेब्रुवारी
अर्ज मंजूर. चौथीचा भूगोल यमनाप्पा मास्तरांकडे. मला ड्रिल.
पुण्याहून काही नाही.

रविवार, २८ फेब्रुवारी
साप्ताहिकात चार ओळी आल्यात. "अनगोळ येथील बायाक्का यांनी चुना भाजण्याच्या जुन्या रीतीविषयी उद्बोधक व्याख्यान दिले. प्रारंभी एका शिक्षकाने प्रास्ताविक केले."
एका शिक्षकाने!
यशोदेने कात्रण कापलं. मला वाटलं, माझ्यासाठी. म्हणाली, "बायाक्काला वाचता येतंय व्हय? जावा, वाचून दाखवून या."
गेलो. दाखवलं वाचून. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं, हात जोडून ऐकलं. मग विचारलं, "ह्यो एक शिक्षक म्हंजी कोण वो?"
म्हटलं, माहीत नाही.