क्लॅरोनेटमध्ये राहिलेल्या गळ्याच्या नोंदीबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा कलावंत नोंदणी समिती,
कोल्हापूर.

विषय : माझ्या नावापुढील 'स्वतंत्र वादनशैली' हा शेरा रद्द करून माझी पत्नी श्रीमती सलिमा हिची 'गायिका' म्हणून नोंद करणेबाबत.

संदर्भ : तिचा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र, दि. ९ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

बिद्रीत एका लग्नाला, हळदीच्या दुपारी, आमचा बँड मांडवाबाहेर जेवायला बसला होता. आतून एक आवाज आला. नवरीच्या हातावर मेंदी काढता काढता कोणी मुलगी सिनेमातले गाणे म्हणत होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या आवाजाला एकोणचाळीस वर्षे झाली. ती मुलगी म्हणजे सलिमा. पुढच्याच वर्षी आमचे लग्न झाले.

१. मी गारगोटीच्या गुलशन ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवीत आलो. बँडमध्ये गाणाऱ्याची जागा क्लॅरोनेटची. शब्द लोकांच्या मनात असतात, आम्ही त्यांच्या खाली चाल अंथरतो. मला नोटेशन वाचता येत नाही. नवे गाणे आले की सलिमा रेडिओवर दोनदा ऐकून ते पाठ करी आणि भाकरी थापत मला म्हणून दाखवी. तिच्या गळ्यातले मी बोटांत घेई. रेडिओतून थेट क्लॅरोनेटमध्ये गेलेले एकही गाणे आमच्या घरात नाही.

२. सलिमाला लहानपणापासून दमा आहे. अंतरा संपून धृपदावर येताना तिचा श्वास तुटे. क्षणभर ती गप्प होई, मग वरचा सूर धरी. ती गप्प राहण्याची जागा गाण्यातलीच आहे असे समजून मी तशीच वाजवली. नवरीच्या पाठवणीत ती जागा आली की उंबऱ्यात उभ्या बायकांना हुंदका आवरत नसे. मूळ गाण्यात असे काहीच नाही, हे मला कळेपर्यंत कागलपासून राधानगरीपर्यंतचे बँड तसेच वाजवू लागले होते. त्याला ते 'गारगोटीची ढब' म्हणतात. आपल्या समितीने त्या ढबीलाच माझी स्वतंत्र शैली ठरवून मला शाल पांघरली. बायकोच्या दम्यावर मिळालेली शाल नवऱ्याने कोणत्या खांद्यावर घ्यावी, याचा नियम मला सापडला नाही. सबब, शाल व प्रमाणपत्र परत करण्यासाठी सोबत जोडले आहे.

३. सलिमाचा अर्ज मात्र नामंजूर झाला. जाहीर कार्यक्रमाचा फोटो नाही, कात्रण नाही, आणि पडताळणीला तिने गायले नाही. घशाच्या ऑपरेशननंतर तिला आवाजच राहिलेला नाही, याचा डॉक्टरांचा दाखला आम्ही दिला होता. त्यावर समितीचे सदस्य विजयसिंह साहेब हसून म्हणाले, "पावणं, आवाज न्हाय, फोटो न्हाय, मग नोंद कशाची घालू? तुमच्या पिपाणीची व्हय?" आमचा ढोलवाला केरबा सोबत होता. तो म्हणाला, "सायेब, जलमभर हिचंच गाणं वाजवलंय की आमी!" त्याला "वाजवणं येगळं, गाणं येगळं, रकाने दोन हायत," असे सांगून बाहेर बसवले.

४. रकाने दोन आहेत, हे मान्य. गायनाच्या रकान्यात मोबाईलवर ट्रॅक लावून नुसते ओठ हलवणाऱ्यांचीही नावे आहेत. त्यांचे फोटो चांगले आले आहेत. तरी पडताळणीसाठी समितीने येत्या कोणत्याही मुहूर्ताला, कोणत्याही गावात, पाठवणीच्या वेळी बँडजवळ उभे राहावे. अंतरा संपताच सर्व वाद्ये गप्प होतील. त्या क्षणी सलिमाची हजेरी मांडावी. काहीच ऐकू आले नाही, सबब गैरहजर, असा शेरा कृपा करून मारू नये.

५. इथपर्यंतचे मी सांगितले आणि सलिमाने लिहिले, तिचे अक्षर वळणदार आहे. आता ती चहा टाकायला उठली, म्हणून पुढचे मी लिहितो. ती सहअर्जदार आहे आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करीत नाही, हे जाणून लिहितो.

ती जाहीर कार्यक्रमात का गायली नाही, असे आपण विचारले होते. "आमच्यात तशी पद्धत न्हाय," असे मी उत्तर दिले. ते खोटे होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्राने तिचा आवाज ऐकला होता आणि पत्राने कळवतो म्हणून सांगितले होते. दोन महिने ती पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहिली. शेवटी मीच तिला म्हणालो, "नसंल आवडला त्यास्नी तुझा आवाज." त्यानंतर तिने विचारले नाही. मला गाणी सांगत राहिली.

साहेब, पत्र आले होते. ती गेली तर माझे क्लॅरोनेट मुके होईल, या भीतीने मी ते पोस्टमनकडून परस्पर बँडच्या खोलीवर घेतले आणि पाकिटावर माझ्या हाताने लिहून परत पाठवले : या पत्त्यावर गाणारे कोणी राहत नाही.

आपल्या निर्णयास बांधील,

कुतुबुद्दीन मकानदार
गारगोटी, ता. भुदरगड

सहअर्जदाराची सही :