देगलूरची जपानी गाडी

६ जानेवारी २०२५, सोमवार

जेवताना पोराने, आनंदराजने, मोबाइल पुढे धरला. गाडीचा फोटो. पांढरी, जपानची — तिकडेच बनलेली, बोटीतून आख्खी आलेली. हैदराबादच्या कुठल्या डॉक्टरने वापरलेली. आता देगलूरला शिवकुमार म्हणून जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, त्याच्याकडे उभी आहे.

"दादा, नव्या देशी गाडीच्या भावात ही मिळायलीय."

मी म्हणालो, देशीच घे. नवी कोरी.

"पन का?"

सामान मिळत नाही म्हणालो. नांदेडातून निघालो अन् हदगावात बिघडली, तर जपानच्या गाडीचा नट तिथे मिळेल का?

पोरगा हसला. "हदगावला कोण जायलंय? मला लातूरला जायचंय." नात बुद्धप्रिया लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे. दर रविवारी तिचे आईबाप एसटीने डबा घेऊन जातात. गाडी त्यासाठीच.

मग म्हणाला — "तुम्ही नुसतं चला अन् कान लावा. पास केली तर घेऊ. नापास केली तर विषय संपला."

ह्याचाच घोर होता.

८ जानेवारी, बुधवार

माणसाला सांगता येत नाही, म्हणून वहीला सांगतो. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. दोन वर्षं होत आली. समोर बसून कुणी बोललं तर कळतं. कुकरची शिट्टी नाही. मोबाइलची घंटी नाही. पाखरं तर कधीच बंद झाली. घरात समजतात, म्हातारा तंद्रीत असतो. समजू दे.

एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं गेली. सातवी नापास माणूस हेड मेकॅनिक झाला तो कानावर. लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे. कुठला टॅपेट सैल, कुठलं बेअरिंग गेलं — उघडायच्या आधी सांगायचो. अजून वस्तीत कुणी मोटारसायकल घेवो, ट्रॅक्टर घेवो, ग्यानोबा मिस्त्रीचा कान लागल्याशिवाय घेत नाही. दोन वर्षं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. कुणाची गाडी बंद पडली नाही, हे नशीब.

नव्या गाडीला कान लावावा लागत नाही. म्हणून देशी. दुसरं कारण नाही!

९ जानेवारी, गुरुवार

पेचकस कुकरला लावून पाहिला. पार्वतीबाई — आमची मालकीण — ओरडली, "डोस्कं फिरलं का तुमचं?" तिचं ऐकू आलं. कुकरचं नाही.

१२ जानेवारी, रविवार

गुरुपादप्पाच्या दुकानासमोर बसलो होतो. तो उदगीरचा. नळाच्या तोट्या आणि खिळे विकून माझ्याबरोबर म्हातारा झाला. बाहेरच्या मालाचा मोठा भक्त.

"मिस्त्री, तुझी देशी गाडी म्हंजी डालड्याचा डबा. बोट लावलं की पोचा येतोय."

मी म्हणालो, अप्पा, जपानची गाडी बिघडली की दुरुस्तीला बोटीत घालून परत धाडायची का?

"ती बिघडतच न्हाई! तुझ्या देशीला मात्र मेकॅनिक शेजारी बसवून न्यावं लागतंय. तुझी सोय झाली, हाव ना?"

चार माणसं हसली. मग मी देशाचं काढलं. आपलं लोखंड, आपल्या पोरांच्या हाताला काम, आपला पैसा आपल्यात. बरं बोललो असावं. दोघांनी माना डोलावल्या.

अप्पा कसला ऐकतो! "तुझ्या देशी गाडीत टीव्हीवानी काच असतीय, ती कुठली? बाहेरची. अन् माझा भाचा चाकणला परदेशी कंपनीच्या गाड्या जोडतोय. नाव तिकडचं, हात उदगीरचे. मग ती गाडी कुणाची, सांग की!"

घरी आल्यावर एक उत्तर सुचलं, पण तेही फार चांगलं नव्हतं. आणि खरं पाहता मला ना ह्या लोखंडाचं पडलंय ना त्या लोखंडाचं. देशाचं नाव पुढे करून मी माझा कान झाकतोय. हे काही बरं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

नामविस्तार दिन. वस्तीतली पोरं पहाटेच विद्यापीठाच्या गेटला गेली. मी घरीच.

दुपारी धम्मानंदच्या गॅरेजात गेलो. डेपोत माझ्या हाताखाली शिकला, आता स्वतःची चार माणसं आहेत. म्हणालो, देगलूरला तू चल, तूच कान लाव. मला आता प्रवास होत नाही.

"उस्ताद, तुमी असताना मी कान लावू? नांदेडात तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई मला!"

प्रवासाला काय, बसायचं तर आहे, असंही म्हणाला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सून महामाया चहा देताना म्हणाली, "मामा, माझं लेकरू बसनार हाय त्या गाडीत. तुमी हाव म्हनलात तरच घ्यायची. यांच्या मोबाइलवर माझा इश्वास न्हाई."

सांगून टाकावं, असं ठरवलं. चहा संपेपर्यंत ठरलेलं टिकलं.

१९ जानेवारी, रविवार

देगलूर झालं. सविस्तर लिहितो.

सकाळच्या एसटीने आम्ही दोघे; लातूरला डबा घेऊन सून एकटीच गेली. पिशवीत पेचकस, फडक्यात गुंडाळून. शिवकुमारचं आवार गावाबाहेर रस्त्याला लागून. फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी, कामगारांवर हिंदी. माणूस गोड आहे. "मिस्त्री, तुमचं नाव ऐकून हाय मी," म्हणाला. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

गाडी देखणी. आनंदराजने दार लावून पाहिलं आणि त्याचं तोंड खुललं. म्हणजे आवाज चांगला झाला असणार. आजकाल मी आवाज असा माणसांच्या तोंडावर बघतो.

चावी नाहीच, बटण! शिवकुमारने चालू केली. बॉनेट उघडलं. मी आधी तेल कुठे गळतंय का बघितलं, पाण्याच्या नळ्या बघितल्या, तारा चाचपल्या. जितका वेळ काढता येईल तितका काढला. मग पेचकस टेकवला, मूठ कानामागे, डोळे मिटले.

काही नाही. विहिरीत वाकून बघितल्यासारखं.

आनंदराज काहीतरी म्हणाला. मी हात वर करून गप्प केला. कान लावताना मध्ये बोललेलं मला पहिल्यापासून चालत नाही.

मनात म्हटलं, कान गेला तर गेला, हात तर आहे. तळवा ठेवला. थरथर नाही! खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढून इंजिनावर कडेवर उभं केलं. उभंच राहिलं. आमच्या एसटीच्या इंजिनावर पाना ठेवला तर नाचत खाली यायचा! जपानचा माल तो जपानचा माल. अप्पाच खरा. एवढे दिवस मी उगाच भांडत होतो.

म्हणालो — पास!

इथेच थांबायला पाहिजे होतं. पण आवारातली चार माणसं गोळा झाली होती. मिस्त्री म्हटलं की नुसतं पास म्हणून भागत नाही. म्हणालो, तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट जरा बोलतोय, बाकी घड्याळ आहे घड्याळ.

शिवकुमारने आनंदराजकडे बघितलं. आनंदराज म्हणाला, "बरं, दादा. विचार करून कळवतो त्यांना."

परतताना माझं डोकं हलकं झालं होतं. खोटं बोललो नाही, हाताने पारखली. टॅपेटचं तेवढं मनाचं. ते जरा डाचतंय.

२० जानेवारी, सोमवार

आनंदराज गाडीचं काढत नाही. एवढी चांगली गाडी, दुसरं कुणी नेईल.

२१ जानेवारी, मंगळवार

दुकानासमोरून चाललो होतो. अप्पाने हाक मारली असणार, कारण तो पळत आला. "मिस्त्री, मानलं तुला! इंजिन आतून गेलेलं, अन् तू कान लावताच वळखलंस! पोरगा सांगत होता, दादानं नापास केली म्हणून. वाचला गड्या तो!"

हूं म्हणालो.

संध्याकाळी आनंदराजला विचारलं, मी तर पास केली होती ना?

"मलाच मन होईना, दादा. लोकं विचारायले, काय सांगू? तुमचं नाव सांगितलं."

माझं नाव घालून चांगली गाडी नापास केली. शिवकुमार काय म्हणत असेल? आणि पोराचं मन का होईना? झोप नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

राहवेना. धम्मानंदकडे गेलो. म्हणालो, तू एकदा बघून ये, इंजिन उत्तम आहे, नाणं उभं राहतंय त्याच्यावर.

त्याने गाडीचं नाव विचारलं. मग हातातला पाना खाली ठेवला.

"उस्ताद, ती बॅटरीवर पन चालतीय. उभी केली की इंजिन आपोआप बंद होतंय, घडीभरानं. चालू ठेवायला तिला येगळं सांगावं लागतंय. तुमी ऐकताना ठेवलं होतं ना चालू?"

म्हणालो, ठेवलं होतं.

चहा न घेता निघालो. बंद इंजिनावर नाणं उभं राहील नाही तर काय होईल? बंद इंजिनावर मी डोळे मिटून उभा होतो. तिसरा सिलेंडर सांगितला. टॅपेट सांगितला! आनंदराज मध्ये बोलला ते हेच असणार — दादा, थांबा, बंद झालंय. मी हात वर केला.

चार माणसांनी बघितलं. पोराने बघितलं. आणि गावात येऊन त्याने सांगितलं, दादाने नापास केली.

पार्वतीबाईने दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी आनंदराज बूट घालत होता. समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मला कानाच्या डॉक्टरकडे ने.

त्याने मान वर केली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला — "सोमवारी अकरा वाजता, लातूरला. एसटीनंच जाऊ. नंबर लावलाय."

कधी लावला?

"देगलूरलाच, दादा. तुमी हात धुवायला गेला होता तवा."