एरियल खाली बसंना

चिकलठाणा, औरंगाबाद
ता. ३ जानेवारी १९९४

तीर्थरूप आप्पांच्या पायी भिकनचं डोकं. वि. वि.

अक्का, हे आप्पांना सावकाश वाचून दाखव. मेंढरांच्या कातरणीला येतो म्हणालो होतो, पण सुट्टी अडकलीय. एका शेठची जुनी विलायती मोटार आमच्या गॅरेजात आलीय. रेडिओ लावला की मडगार्डातनं एरियल आपोआप वर येतं, बंद केला की आत जातं. ते जरा रखडत होतं, तर मी शहाणपणानं ग्रीस थापलं. दोन दिवस पळालं. मग कंपन्यांचा सगळा धुरळा त्याला चिकटला. आता अर्ध्यावर उभं राहून नुसतं कुरकुरतं. मिस्त्री म्हणतो, खाली बसव, मग गावाला जा. आधीची दोन कामं अर्ध्यात सोडून पळालो, हे तिसरं तसं सोडायचं नाय. लई थकलोय. आप्पांचा हात कसाय?

माया हाय तशीच ठेवा.
भिकन

पाचोड
ता. ८ जानेवारी १९९४

चि. भिकन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आप्पा आधी हसले, मग खोकले. म्हणाले, ह्यानं लहानपणी माझ्या कातरीला वाटीभर तेल पाजलं होतं. लोकर गुतून मेंढरू बोंबललं, तरी ह्याला अक्कल नाय. कातर आधी रॉकेलनं साफ पुसायची, मग कच्च्या लोकरीचा नुसता हात फिरवायचा. लोकरीच्या अंगचं तेल तेवढं पुरं. तुझ्या एरियलासाठी पाकिटात लोकरीचा झुपका घातलाय. वास येईल, साहेबावानी नाक मुरडू नको.

हाताचं विचारलंस. बोटांत कातर धरवत नाय आता. शेजारचे केरबाकाका कळप अर्ध्या वाट्यानं पाळायला मागतात. तू कातरायला आला नाहीस, तर सोळा तारखेच्या रविवारी मेंढरं हाकून नेतील. आप्पा होय म्हणून बसलेत. दावणीकडं बघत नायत.

जिवाला जप. वाट बघतोय.
तुझी अक्का, सुगंधा

चिकलठाणा
ता. १५ जानेवारी १९९४

अक्कास भिकनचा नमस्कार.

एरियल बसलं! रॉकेलनं पुसलं, झुपका फिरवला अन् बघावं म्हणून काल रेडिओ लावला. नेमकी विद्यापीठाच्या नामांतराची बातमी लागली. आमच्या गॅरेजातला कडुबा, त्याचा बाप ह्या नावापायी मार खाऊन जेलात गेलेला, तो मोटारीपुढं उभा राहून रडाय लागला. मिस्त्री म्हणाला, बंद कर, आत जातं का बघू दे. मी म्हणालो, त्याचं ऐकून होऊ द्या. मग बंद केला. सर्रकन आत! शेठ म्हणतो, गाडीला मेंढराचा वास का येतोय?

सुट्टी मिळाली, पण शहरात ताण हाय. एस.टी. बंद, टपालही हलंना. म्हणून हे पत्र खिशात घालून पायीच निघालोय. केरबाकाका माझ्या आधी आले तर त्यांना चहाला बसव. पण हे तुला कळणार कसं, पत्र तर माझ्याच खिशात.

उंबऱ्यात आलो की आप्पांना वाचून दाखव. मी तवर कातर पुसतो.

तुमचाच,
भिकन