नाणं आपल्या बाजूनं पडलं

मंगळ., ११ फेब्रु.
दुपारी कोर्टात टायपिंगला बसले होते, मंगेशचा फोन. "ताई, परवा खेळतोय." एवढंच. मेन स्पिनरचं बोट सुजलंय म्हणून माझा भाऊ टेस्ट खेळणार. एकतीस वर्षांचा घोडा, दहा वर्षं नुसतं डोमेस्टिक. आशा सोडलेली आम्ही. बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन परत येऊन टाइप केलेल्या ऑर्डरीत ढीगभर चुका.

बुध., १२
काळाचौकीत अख्ख्या चाळीला वाटतंय, मं.ला बोलिंग आपणच शिकवली. शेजारचे परबकाका गॅलरीत भाषण देत होते. पीच पहिले तीन दिवस रस्त्यासारखं सपाट, मग फुटणार आणि बॉल वळणार. टॉस जिंकून आधी बॅटिंग घेतली की शेवटच्या डावात फुटलेलं पीच आणि मं.च्या हातात बॉल. टॉस गेला तर उद्याच रस्त्यावर मार खाणार. पुढच्या टेस्टला ते बोट बरं होतंय, म्हणजे आपल्याला ही एकच.
काका, पुरे करा, म्हटलं. पण खरंच आहे ते.
संध्याकाळी बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गिरणी सुटली, मालवणी सुटली नाही. "बा देवा म्हाराजा, इकेटी माझो झील काढीत, तेची काळजी नको. तू फक्त टॉस आमचो कर रे म्हाराजा!" सगळे: "व्हय म्हाराजा!" मीपण ओरडले. सगळ्यात मोठ्याने.

गुरु., १३
रजा टाकली. नऊला टॉस. मी डोळे मिटलेले. आरडाओरडा झाला तेव्हा कळलं, जिंकलो! परबकाकांनी बाबांना उचललंच. बाबा रडायला लागले.
मग कॅप्टन बोलला. फील्डिंग.
सकाळचा ओलावा आहे म्हणे. परबकाका, "येडा झालाय काय हा?" मेला ओलावा अकरापर्यंत टिकला नाही. मं.ला लंचनंतर बॉल दिला, तेव्हापासून टाकतोच आहे. स्लिपमध्ये एक कॅच सुटला. कॉमेंट्रीवाला म्हणतो, "साधारण स्पिनर". साधारण तुझा बाप!
विकेट नाही.

शुक्र., १४
आजही नाही. दोन दिवस टाकतोय बिचारा. गॅलरीतली माणसं एकेक करून आपापल्या घरात गेली. तेच जास्त लागलं.
बाबा जेवले नाहीत. "देवाची काय चुकी? मियां मागलंय तां तेनी दिल्यान. टॉस मागलंय, बॅटिंग मागूची रवली."
मला हसू आलं. त्यांचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. म्हटलं, बाबा, गाऱ्हाणं घालून टॉस पडत नसतो. तर म्हणे, "मगे पडलो कसो?"

रवि., १६
काल लिहिलं नाही. काल-आज मिळून आपली दाणादाण. पीच फुटलं, परबकाका म्हणाले तस्संच. फक्त बॉल समोरच्या टीमच्या डावखुऱ्या स्पिनरकडे. तेवीस वर्षांचं पोर, मं.सारखीच ॲक्शन. मं.ला दुसऱ्या डावात सहाच ओव्हर, एक विकेट. मग त्यांनी डावच डिक्लेअर केला. अजून दोन तास खेळले असते तर काय बिघडत होतं? टीव्हीसमोर बसून कोणाकोणाला शिव्या घालू.

सोम., १७
हरलो. शेवटची विकेट मं.चीच. त्याच पोराने काढली.

बुध., १९
मं. सकाळी घरी आला. जेवताना बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले. "झिला, माजी चुकी झाली." त्याला काही कळेना. मी त्याला खुणेनेच थांबवलं.
नंतर जिन्यात त्याला गाऱ्हाण्याचं सांगितलं. वाटलं हसेल. पायरीवर बसलाच. म्हणाला, "टॉसच्या आधी कॅप्टनने मला पीचवर नेलं. तुला काय वाटतं, विचारलं. त्याला फील्डिंग घ्यायचीय हे दिसत होतं गं. मी म्हटलं, हो, ओलावा आहे."
"होता?"
"नव्हता."
"मग का म्हणालास?"
"पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, ताई."
कानफटात द्यावीशी वाटली. जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. बाबांना सांगितलं तर त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल, पण मग पोराकडे कसे बघतील? म्हटलं, तुझं तू ठरव.
पुढच्या टेस्टची टीम उद्या. मी आत स्वयंपाकघरात हे लिहितेय. बाहेर बाबा त्याच्या खांद्याला तेल चोळतायत आणि परत परत माफी मागतायत. तो म्हणतोय, "असू दे हो, बाबा."
ओलाव्याचं सांगत नाहीये.